चिखल कुठला

शनिवार, सात जून. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी नगर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात भाग्यश्रीची गाडी जॅकवर चढली. मागचं डावं चाक निघून भिंतीला टेकलं, आणि दुकानाचे मालक संभाजीराव हात पुसत तिच्यासमोर येऊन म्हणाले, "मॅडम, चिखलाचे टायर पायजेत म्हणताय. पण चिखल कुठला?"

बाकी सगळ्या प्रश्नांची तिची तयारी होती. गेले तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसच्या संगणकावर टायरबद्दलच वाचत होती. मोठ्या गाड्यांच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार, हे तिला पाठ झालं होतं. एचटी म्हणजे पक्क्या रस्त्याचे, तिच्या गाडीबरोबर आलेले. एटी म्हणजे डांबरावरही चालतील आणि कच्च्या वाटेवरही, असे मधले. आणि एमटी म्हणजे खास चिखलाचे. त्यांच्यावर अर्ध्या विटेएवढे रबराचे ठोकळे, ठोकळ्यांच्या मध्ये अख्खं बोट जाईल एवढ्या चरी, चाक फिरलं की चरीत भरलेला चिखल मागे फेकला जावा म्हणून. ते आवाज करतात, डिझेल जास्त खातात, ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी थोडी उशिरा थांबते. हे तोटे तिने एका कागदावर लिहून आणले होते आणि प्रत्येकापुढे 'मान्य' असं लिहिलं होतं. खराडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बारा जणांची ती प्रमुख होती. दुसऱ्यांनी काय गृहीत धरलंय ते शोधून काढायचं, हेच गेली अठरा वर्षं तिचं काम. आणि चिखल म्हणजे चिखल, तो सगळीकडे एकच, हे तिने स्वतः गृहीत धरलं होतं, कागदावर न लिहिता.

संभाजीराव थांबून राहिले. पंचावन्नच्या आसपासचा शिडशिडीत माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गिऱ्हाईक गप्प झालं की दुकानदार बोलायला लागतो, तसं त्यांनी केलं नाही. आतून हवा भरण्याच्या पंपाचा आवाज येत होता, आणि नव्या रबराचा वास. गरम, थोडा गोडसर, डोक्यात जाऊन बसणारा. शेवटी ती म्हणाली, काळा. यवतमाळकडचा. त्यांनी मान हलवली, "रेगड," असं स्वतःशीच म्हटलं, आणि एक उपडा टायर ओढून त्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं की कोकणातला तांबडा चिखल वेगळा, नदीकाठचा रेताड वेगळा, मुरमाड वेगळा, आणि काळा या सगळ्यांच्या वरताण. तो धड पातळ होत नाही, धड घट्ट राहत नाही. मुठीत घेतला तर बोटांच्या फटीतून येतो का तळहाताला धरून बसतो, एवढं सांगा, म्हणाले. भाग्यश्रीने उजवी मूठ मिटली. एसीच्या हवेने कोरडा पडलेला, नेलपॉलिश लावलेला हात. तो मिटल्याबरोबर त्यात चिखल आला. गार, जड, तळव्याच्या रेषांत शिरणारा. धरून बसतो, ती म्हणाली. "आन् खाली मुरूम किती खोल हाय?" त्यांनी विचारलं. ती चौथीत असताना तिच्या वडिलांनी वावरात विहीर खणायला घेतली होती. काठावर पोटावर पालथी पडून ती रोज खाली बघायची. वीस फूट उतरेपर्यंत खणणाऱ्यांच्या घमेल्यात काळी मातीच येत होती. बाबा शाळा सुटल्यावर यायचे, आत वाकून बघायचे आणि म्हणायचे, अजून आपलीच आहे. मुरूम लागल्यावर ते काही बोलले नाहीत. वीस फूट, तिने सांगितलं. संभाजीरावांनी तोंडाने हलकासा आवाज केला. ती दाद होती की काळजी, हे कळलं नाही.

भाग्यश्रीच्या गावाला जायला फाट्यापासून दोन किलोमीटरची पांदण आहे. दोन्ही बाजूंना शेतांचे उंच बांध, तिकडच्या भाषेत धुरे, त्यांवर बोरी-बाभळी, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी, खाली दबलेली वाट. पावसाळ्यात त्या वाटेचा एक कायदा असतो. कुणी लिहिलेला नाही, पण गावात तो पोरासोरांनाही ठाऊक असतो: चाकाचं जे काही असेल ते फाट्यावर ठेवायचं. सायकल असो, मोटारसायकल असो, कुणाच्या जावयाची मोटार असो, फाट्यावर कांताबाईच्या चहाच्या टपरीमागे उभी करायची, चपला हातात घ्यायच्या आणि धुऱ्याच्या कडेने चालत गाव गाठायचं. आत फक्त बैलगाडी, आणि पुढे आला तसा हिंमतरावाचा ट्रॅक्टर. भाग्यश्रीचे वडील रंगनाथ गुरुजी एकतीस वर्षं ही पांदण चालत फाट्यापलीकडच्या शाळेत गेले. चार पावलं टाकली की पायाला चिखल धरायचा, आठ पावलांत त्याचे जोडे तयार व्हायचे, शंभर पावलांत माणूस वीतभर उंच झालेला असायचा. घराच्या पायरीशी त्यांनी एक लोखंडी पट्टी दगडात रोवलेली होती. तिच्यावर आधी डावा पाय, मग उजवा. खरवडताना येणारा तो आवाज ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. ही मोटार घेतल्यावर ती पहिल्यांदा गावी गेली ती गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, वाट खडखडीत असताना, थेट दारापर्यंत. गुरुजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. किंमत विचारली नाही, किती पळते तेही विचारलं नाही. पावसाळ्यात कुठं ठेवशील, एवढंच विचारलं. फाट्यावर, कांताबाईकडे, ती म्हणाली. बरोबर उत्तर आलं की वर्गात मान हलवायचे तशी त्यांनी मान हलवली.

"कुठले चढवू?" संभाजीरावांनी विचारलं. एमटी, तिने सांगितलं, चारही. त्यांनी आत हाक मारली. दोन माणसांनी दोन टायर गडगडवत आणून तिच्या पायाशी आडवे टाकले. वाकून तिने एकावरून हात फिरवला. नव्या टायरवर सगळीकडे रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. ते तळहाताला टोचत होते. हे टायर घ्यायचे आहेत असं तिने सकाळी घरी सांगितलं तेव्हा दत्तप्रसादने, तिच्या नवऱ्याने, पेपरातून मान वर केली नव्हती. तो नारायण पेठेत वाढलेला. एखाद्या गोष्टीचं वाईट वाटलं तर तो आधी तिची टिंगल करून घेतो, हे समजायला तिला लग्नानंतर पाच-सहा वर्षं लागली होती. "छान," तो म्हणाला होता, "शिकारीचे बूट घालून तुळशीबागेत जायचं म्हण की." आणि मग पान उलटून, अगदी सरळ आवाजात, "उद्या गावी मी येऊ का बरोबर?" नको, ती म्हणाली. तो बरोबर आला तर पांदण बघेल. आज ना उद्या कुणीतरी त्याला जागा दाखवेल: इथून आली, इथे फसली, आणि ट्रॅक्टर तिथे उभा होता. गेल्या दहा महिन्यांत तिने त्याला सांगितलेलं सगळं खरं होतं. पाऊस होता, गाडी अडकली, उशीर झाला. ही तीन वाक्यं तिने सासूबाईंना सांगितली, ऑफिसात सांगितली, हॉस्पिटलात काय झालं ते विचारणाऱ्या डॉक्टरलाही सांगितली. तिन्हीत एकही चूक काढता आली नसती. तिच्या टीममधल्या एखाद्या मुलीने एखाद्या बिघाडाचा असा अहवाल दिला असता, तर भाग्यश्रीने तो तिच्यासमोर ठेवून शांतपणे विचारलं असतं की हे सगळं ठीक आहे, पण यात एक माणूस दिसत नाहीये, तो कुठे आहे?

संभाजीरावांनी तिला ऑफिस कुठलं ते विचारलं. तिने इमारतीचं नाव सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. "म्हंजे आमच्या वावरात बसता की तुमी." पलीकडे ज्वारी होती, अलीकडे हरभरा, आणि तुमच्या गाड्या जिथं लागतात ना, खाली, दोन नंबरच्या तळघरात, तिथं आमची विहीर व्हती, असं ते म्हणाले, एखाद्या नातेवाइकाचा पत्ता सांगावा तसं. भाग्यश्रीला ते तळघर डोळ्यांपुढे दिसलं. तिची गाडी रोज तिथेच लागते, एकोणचाळीस नंबरच्या खांबाला. त्या खांबाच्या बुडाशी बाराही महिने ओल असते. पावसाळ्यात तिथे पाण्याचा पंप लावून ठेवतात आणि त्याचा पाईप पायांत येतो म्हणून ती इमारतीच्या व्यवस्थापनाकडे दरवर्षी तक्रार करते. दोन वेळा सिमेंट भरलं, एकदा कसलंसं रसायन मारलं. ओल तिथून हटत नाही, दोन हात सरकून परत येते. वाईट वाटलं का, असं काहीतरी विचारावं असं वाटलं, पण तेवढ्यात संभाजीराव उठून मागचं उजवं चाक सोडवणाऱ्या माणसाला नट उलटे धरल्याबद्दल बोलायला गेले होते. तो माणूसही त्यांना उलट काहीतरी बोलला आणि दोघे हसले. विहिरीचा विषय तिथेच संपला होता. ज्याची गेली त्याच्यापुरता तो कधीच संपला असणार.

टायरच्या बाजूला, कंपनीच्या नावाखाली, एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कारखान्यातून कधी निघाला ते त्यावरून कळतं. जुना माल गळ्यात मारतील म्हणून हे आकडे बघून घ्या, असं तिने वाचलं होतं. म्हणून तिने बघितले. तेहतीस, तेरा. दोन हजार तेराचा, म्हणजे गेल्या वर्षाचा, तेहतिसावा आठवडा. तिने बोटांवर मोजलं, मग मोबाइलमधलं कॅलेंडर काढून पुन्हा मोजलं. बारा ऑगस्ट ते अठरा ऑगस्ट. दुसऱ्या टायरवर तेच आकडे. ती एक गुडघा टेकून बसलेली होती, ती सावकाश उठून उभी राहिली. चौदा ऑगस्टच्या दुपारी हे रबर कुठल्यातरी कारखान्यात साच्यात वितळत होतं. ते होतं. फक्त पांदणीत नव्हतं.

चौदा ऑगस्ट, बुधवार. पंधराची सुट्टी आणि तिच्या मागेपुढे रजा टाकून ती गावी निघाली होती, एकटी. आदल्या रात्री नांदेडला मैत्रिणीकडे मुक्काम. गुरुजींना दोन दिवस ताप होता, एवढंच माहीत होतं. चार पस्तीसला, फाटा दहा-बारा किलोमीटरवर असताना, चुलतभाऊ संतोषचा फोन आला. मघापर्यंत नीट बोलत होते, सव्वाचारला चहाचा कप हातातून पडला, तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात उचलत नाही. तो धावत धावत बोलत असावा, मध्येच श्वास येत होता. "हिंमतरावचा ट्रॅक्टर जोडून राह्यलो. बाबांले घेऊन येतो. तू फाट्यावरच थांबजो ताई, गाडीचं तोंड चंद्रपूरकडे करून ठेवजो." चार पन्नासला ती फाट्यावर होती. पाऊस बारीक होता, पण आदल्या आठवडाभराचा मुरलेला. कांताबाई टपरीतून डोक्यावर पोतं घेऊन बाहेर आली आणि काचेशी वाकून म्हणाली, "बस वं पोरी. चाय पी. येऊनच राह्यले ते. आत कायले जातं?" आत कशाला जायचं, याचं उत्तर भाग्यश्रीपाशी तयार होतं. दोन किलोमीटर उघड्या ट्रॉलीत, पावसात, गचके खात, लकवा भरलेला शहात्तर वर्षांचा माणूस. आणि इथे गाद्या, बंद काचा, सरळ मागे जाणारी सीट. तिने मनात दोन्ही बाजू मांडल्या आणि बेरीज केली. ऑफिसात ती दिवसाला अशा चार बेरजा करते आणि त्या चुकत नाहीत म्हणून तिला पगार मिळतो. कांताबाईला तिने हात केला. तो 'हो' होता की 'नको', हे कांताबाईलाही कळलं नसेल. मग तिने गाडी पांदणीत घातली.

पहिले पाचशे मीटर गाडी गेली. हे ती कधीच विसरत नाही. पहिले पाचशे मीटर सगळं बरोबर होतं, आणि आपण बरोबर आहोत ही भावना तिच्या पोटात ऊब होऊन बसली होती, एखादी गरम वाटी मांडीवर ठेवावी तशी. मग जिथे दोन्हीकडचे धुरे सर्वांत उंच आणि जवळ येतात, कोंडीरामच्या शेताच्या वळणावर, स्टिअरिंग हलकं झालं. हात फिरतोय आणि गाडी ऐकत नाही. ॲक्सिलरेटर दाबला तसं मागचं बूड खाली बसलं, एखादी म्हैस बसते तसं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. पाच वाजून पाच मिनिटं. दार उघडायला गेली तर ते धुऱ्याला लागलं आणि वीतभरच उघडलं. पाच वीसला समोरून ट्रॅक्टर आला. पिवळ्या ताडपत्रीखाली गुरुजींना भुशावर निजवलं होतं, उशाशी आई, इंदुबाई, त्यांचं डोकं मांडीवर धरून. ट्रॅक्टर आणि मोटार, समोरासमोर, मध्ये दहा हात. तिच्या गाडीचे दिवे लागलेले होते आणि त्यांचा उजेड थेट ताडपत्रीखाली जात होता. गुरुजींचा डावा डोळा उघडा होता. त्या डोळ्याला उजेड लागतोय, दिवे बंद करायला हवेत, हा तिचा पहिला विचार होता. आणि तो डोळा उजेडाकडे नाही, आपल्याकडे बघतोय, हा दुसरा. त्यानंतर सात-आठ माणसं, फळ्या, दोर, तुराट्यांच्या पेंढ्या. ट्रॅक्टरला ती गावाकडेच ओढता आली असती, म्हणजे वाट अडलेलीच; आणि गाडी निघाली की तीच दवाखान्यात न्यायची म्हणून सगळे तिलाच भिडले होते. साडेसहाला त्यांनी नाद सोडला. बाजेवर घालून चौघांनी गुरुजींना खांद्यावर घेतलं, मोटारीच्या बाजूने वाट नव्हती म्हणून धुऱ्यावर चढून, बाभळीतून, पलीकडे उतरून. फाट्यावर पोचायला सव्वासात. भाजीचा एक टेम्पो मिळायला आठ. चंद्रपूरला दहाला दहा कमी. तिथल्या तरुण डॉक्टरने घड्याळ बघितलं आणि पहिल्या साडेचार तासांत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता येतं, असं सांगितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईने, "त्याने काही जणांना फरक पडतो. काही जणांना नाही पडत." गुरुजी वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गावात कुणी तिला काही बोललं नाही. गाडी फसली, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी हिंमतरावाने ती ओढून काढून, धुऊन, फाट्यावर आणून उभी केली, तोंड पुण्याकडे करून.

मागचे दोन्ही नवे टायर चढून झाले होते. संभाजीराव परत येऊन बसले. एक वाजायला आला होता. आतल्या माणसांनी डबे काढले होते आणि पुढची दोन चाकं नुसती काढून ठेवली होती, त्यांचे नवे टायर जेवणानंतर, असं ठरलं होतं. भाग्यश्रीने बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण नीट फिरवून लावलं आणि ज्यासाठी ती खरं तर या दुकानात आली होती ते विचारलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज साधा निघाला.

"काका, हेच टायर तेव्हा असते तर गाडी निघाली असती का?"

तेव्हा म्हणजे कधी, हे त्यांनी विचारलं नाही. बाकीचं विचारलं. गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे का? नाही, फक्त मागची चाकं ओढतात. टायरमधली हवा कमी केली होती का? नाही. वेग किती होता, वळण कुठल्या हाताला, थांबली की थांबवली? तिने एकेक सांगितलं. त्यांच्या प्रश्नांत कुठेही दया नव्हती आणि त्यामुळे तिला बरं वाटत होतं. कुणीतरी शेवटी हा बिघाड बिघाडासारखा तपासत होतं. मग त्यांनी विचारलं, "बाजूनं वाट राहिली व्हती का? बैलगाडीपुरती तरी?"

"नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "समोरून ट्रॅक्टर आला होता. मी वाट अडवली होती."

"ट्रॅक्टरवर कोण व्हतं?"

"वडील."

संभाजीरावांनी गळ्यातला चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला, तेवढा वेळ काहीच ऐकू येण्यासारखं नव्हतं. ट्रक गेल्यावर ते म्हणाले, "ताई, निघाली असती बी, आन् नसती बी. काळ्या मातीत चरी भरल्या की हा टायर आन् तुमचा जुना टायर एकच. खाली मुरूम असता तर मी छातीला हात लावून सांगितलं असतं. वीस फूट माती म्हणताय." मग चष्मा पुन्हा गळ्यात सोडत, "आन् मला इचारू नका. मी निघाली असती म्हणलो तर तुमी टायर घेणार. माझं दुकान हाय." बारा वाजल्यापासून ते तिला मॅडम म्हणत होते. आता ताई म्हणाले, हे तिच्या लक्षात आलं. तिने कागद काढला, तोट्यांचा, आणि उगाच त्याच्याकडे बघत राहिली. 'निघाली असती' असं त्यांनी म्हटलं असतं, तर ही सगळी गोष्ट टायरची झाली असती. दहा महिन्यांपूर्वी नव्हते, आता आहेत, संपलं. 'नसती' म्हटलं असतं, तर उरली असती फक्त पोतं डोक्यावर घेऊन काचेशी वाकलेली कांताबाई. दोन्हींपैकी काहीही घेऊन घरी जायची तिची तयारी होती. तिसरं काही मिळेल हे धरलेलं नव्हतं. "तेरा-चौदा तासांचा पक्का रस्ता हाय तुमचा," ते उठता उठता म्हणाले, "आन् दोन किलोमीटर चिखल. त्या दोन किलोमीटरला पाय असत्यात." पण ते असंही म्हणाले की काय ते ठरवा, आम्ही जेवून घेतो, मागचे काढायचे असले तरी सांगा, खराब झालेले नाहीत.

एक वीसला तिचा फोन वाजला. संतोष. ती उद्या पहाटे निघणार होती, सोमवारी गुरुजींना तपासणीला चंद्रपूरला न्यायचं होतं, त्याबद्दलच बोलायला त्याने फोन केला असेल असं तिला वाटलं. त्याने आधी तेच सांगितलं. काल दुपारी तास-दीड तास झोडपून काढलं, पांदण बंद झाली. हिंमतराव सोमवारी सकाळी ट्रॅक्टर जोडणार आहे. त्याला आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण ती सांगण्यासारखी आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. काल पाऊस झाल्यापासून बाबा एक करून राहिले. डावा हात उचलतात आणि बोट दाखवतात. फाट्याच्या दिशेला. परत परत. काकूने, म्हणजे भाग्यश्रीच्या आईने, विचारलं, पाणी? नाही. लघवीला? नाही. भाग्यश्रीची आठवण येते का? तर डोळे मिटून घेतात, आणि उघडले की परत बोट. "तू येणार म्हणून खूश असन," संतोष म्हणाला. "काकू म्हणते, फाट्यापलीकडे शाळा आहे, शाळेत जायचं म्हणत असन."

भाग्यश्री उठून रस्त्याच्या कडेला गेली. तिच्या गाडीचं मागचं अंग नव्या टायरवर टेकलेलं होतं, पुढची दोन्ही चाकं काढलेली, तोंड जॅकवर वर उचललेलं. दुरून ती चढ चढत असल्यासारखी दिसत होती. तिने संतोषला विचारलं की बोट नेमकं कसं हलतं. म्हणजे, त्याने विचारलं. म्हणजे फाट्याकडे दाखवून तिथेच थांबतं, की फाट्याकडून घराकडे येतं? तिथेच राहा असं, की तिथून आत ये असं? शब्द तिने सावकाश, एकेक करून उच्चारले, टीममधल्या नव्या पोराला समजावताना उच्चारते तसे. पलीकडे कोंबडी ओरडली, कुणीतरी बादली ठेवली, आणि लोखंडी पट्टीवर पाय खरवडल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा. संतोष पायरीपाशी पोचला असावा.

"तसं पाह्यलं नाही ताई," तो म्हणाला. "आता झोपले आहेत. उठले की पाहून सांगतो."

सव्वातास तरी झोपतात, असंही त्याने सांगितलं. पण कधी कधी लवकर उठतात. संभाजीराव जेवून, हात धुऊन आले. पुढचे दोन टायर त्यांनी स्वतः गडगडवत आणून गाडीजवळ उभे केले. शेजारी, न विचारता, तिचे जुने दोनही आणून ठेवले. चढवायचं का, असं त्यांनी नजरेनेच विचारलं. जरा थांबू या, ती म्हणाली. ते पुन्हा उपड्या टायरवर बसले. दुकानातल्या घड्याळात तेव्हा एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती आणि संतोषचा फोन आलेला नव्हता.